ट्रेबलचं बटण

आबा, तुम्ही कधी न पाहिलेला तुमचा नातू इथे चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये संगणकासमोर बसून त्याच्या बँडचं गाणं जुळवतोय. चौघांनी मिळून भांडी आपटावीत असला तो प्रकार, मला सोसत नाही. पण मघाशी तो म्हणाला, "आई, गिटारचा खालचा आवाज जरा कापला ना, की बास मोकळा होतो," आणि भाजी चिरता चिरता मी थांबले. हेच मी पिंपरीच्या खोलीत तुमच्या तोंडून ऐकलंय. बासचा जाड आवाज तळाला, गिटारचा वर, एकानं दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही, असं तुम्ही म्हणायचात. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले.

तुमचं बरोबरच होतं. फक्त वर म्हणजे किती वर, ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं. प्रेस शॉपमध्ये कानात कापसाचे बोळे घालून पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांशेजारी तुम्ही जन्म काढलात. घरी कुकर शिट्ट्या मारतोय, तुम्ही शेजारीच पेपर वाचताय, आणि बाहेरून आई ओरडतेय, "अहो, डाळ करपली की." कंपनीच्या डॉक्टरनं वयावर ढकललं आणि तुम्ही मान डोलावलीत. मग कामगारांच्या ऑर्केस्ट्रात आवाज सांभाळायला बसलात की स्वतःला ऐकू येईपर्यंत गिटारचं ट्रेबल, म्हणजे तिचा वरचा चिरका आवाज, वाढवत जायचात. आधीच तो गिटारवाला पायाखालची पेटी दाबून आवाज पार फाडायचा. बायका कानावर पदर घेऊन उठून जायच्या. तुम्हाला कुणी अवाक्षर बोलायचं नाही, कारण अॅम्प्लिफायर, कर्णे, सगळा सेट तुमचा होता आणि फुकट मिळत होता.

कंपनीच्या त्या कार्यक्रमाला मी तुमचा डबा घेऊन आले, तर तुम्ही हात धुवायला गेलेले आणि गिटारवाला तुमचा आवाज जुळवायचा मिक्सर उघडून आत पक्कड घालून बसलेला. "ताई, आबांना बोलू नका. ट्रेबलची तार तोडलीय नुसती. बटण फिरतंय, म्हाताऱ्याला काय कळणार न्हाई." बाकीचे हसले. आईच्या हातचं जेवून गेलेलेच होते सगळे. मी म्हटलं, "मग तोंडावर सांगा की त्यांना." तर म्हणतो, "अन् रुसून सेट घेऊन गेले म्हंजे?" इतकं बोलून त्यानं झाकण लावलं आणि पॅन्टला हात पुसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते. माणसाला फसवायचं ते फसवायचं, वर त्याचीच वस्तू वापरून. कार्यक्रम सुरू झाला, आणि तुम्ही डोळे मिटून, मान हलवत, ते मेलेलं बटण हळूहळू फिरवताय. माझ्यानं बघवेना.

घरी येताना तुम्ही खुशीत होतात. "आज बायका शेवटपर्यंत बसल्या. हात बसला माझा. तुला कसं वाटलं?" मी म्हटलं, छान. तुम्ही होतात तोवर खरं काय ते सांगायचं धाडस झालं नाही, आणि आता हे टाकायला पत्ता नाही. त्या लोकांचा तिटकारा माझ्या मनातून जायचा नाही. पण आबा, ते 'छान' मी तुमचं मन राखायला म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच गाणी छान ऐकू आली होती.