मागून हाक

बाळकुम, ठाणे
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मितेशदादा,

नमस्कार. तू आणि प्राचीवहिनी मजेत असाल. इथे बाबा आणि मी बरे आहोत, म्हणजे जेवतोखातो, झोपतो. तुझा नवा नंबर आमच्याकडे नाही. टिटवाळ्याचा पत्ता वहिनीच्या आईकडून मिळाला, तोही ‘मी दिला म्हणून सांगू नकोस’ या अटीवर. झालं, सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे, आणि सध्या त्यानेच माझे हाल चाललेत.

आधी बातम्या. समोरच्या टॉवरचे आणखी मजले चढले, आपल्या अंगणात आता दुपारीच सावली येते. भिवाकाकांनी मासेमारी सोडली. खाडीत काही मिळत नाही म्हणतात. आता ते त्याच टॉवरच्या गेटवर खुर्ची टाकून बसतात आणि गल्लीत कोण आलं, कोण गेलं यावर नजर ठेवतात. गंगुआत्याच्या विनीतचं लग्न ठरलं. हळद ८ डिसेंबरला आहे.

आणि तुझा कीबोर्ड विकला.

विकला म्हणणंही खरं नाही, पण ते पुढे सांगते. तू कोपरीत कुणाच्या तरी हळदीला दुसऱ्याचा कीबोर्ड घेऊन वाजवलंस आणि तिथून घरी फिरकला नाहीस, हे बाबांच्या कानावर आलं. तुझ्या लग्नावरून भांडण झालं, तू घर सोडलंस, तेव्हापासून दर रविवारी हा माणूस तो कीबोर्ड पुसत होता. त्या दिवशी म्हणाले, “विकून टाक. कनाला ठेवायचा?” मी मोबाईलवर जाहिरात टाकली.

दादा, वस्तू विकायला काढली की जगात काय काय नग आहेत ते कळतं. एक जण ‘लास्ट प्राइस बोलो’ याशिवाय दुसरं काही बोलेना. एक स्वतःला फौजी म्हणवत होता. म्हणे, मी कोड पाठवतो, तुम्ही स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही एवढं मला कळतं. त्याला मी चार शब्द ऐकवले आणि स्वतःवर खूश झाले. माझं शहाणपण बहुतेक तिथंच संपलं.

मग कल्याणहून महेंद्र नावाचा माणूस आला. गोड बोलणारा. दारातच बाबांच्या पाया पडला. “आम्ही पण आपलेच, आई एकवीरेचे,” म्हणाला. बाबांनी त्याला चहावर न सोडता जेवायलाच बसवलं. जेवून त्याने कीबोर्ड वाजवून बघितला. बरा वाजवतो मेला. मग मोबाईल पुढे करून हिरवी खूण दाखवली, पैसे पाठवले म्हणून. माझ्याकडे काही आलेलं नव्हतं. “नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे ताई, येतील आता.” तोवर बाबांनी कीबोर्डला हळदकुंकू लावलं, त्याच्या हातात नारळ दिला आणि तो रिक्षाकडे निघालासुद्धा. मी बँकेचं ॲप उघडलं. काही नव्हतं. त्याला थांबवायला तोंड उघडलं तर बाबांनी माझा हात धरला. “मागशी हाक मारू नको गो.”

आपल्याकडचं तुला काय सांगायचं. होडी निघाली, घरचं माणूस निघालं, हळदकुंकू लावून वस्तू निघाली, की मागून हाक मारायची नाही. आणि मी बी.कॉम. झालेली बाई, तोंड मिटून उभी राहिले. रिक्षा वळून गेली. पैसे आजतागायत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज मात्र आला, ‘ताई, अडॅप्टर राहिला, कुरियर करा ना.’ मी शिव्या टाईप करेपर्यंत त्याने मला ब्लॉक केलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर पोलिसांत तक्रार देऊन मोकळी झाले असते, तुला लिहिलंही नसतं. पण कीबोर्ड गेला त्याच संध्याकाळी भिवाकाका आले. “गोमाजी, पोराचा बाजा रिक्षात कोन घालीत व्हता रं? लांबशी वलखला नाय.” फसलो म्हणायची बाबांना लाज वाटली. म्हणाले, “मितेश आयलेला. जेवला, न् घेऊन गेला त्याचा.” काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

तिथे आम्ही दोघं अडकलो. सकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं. नळावर बायका विचारायला लागल्या, काय जेवला, बायकोला का नाही आणलं? मी बोंबील तळले म्हणून सांगितलं, वहिनीसाठी डबा दिला म्हणूनही सांगितलं. तुझ्या नावावर मी अख्खा टोप कालवण खपवलंय. आत्या पेढे घेऊन आली, बाबांच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, आता विनीतच्या हळदीला मितेशच वाजवणार. बाबा म्हणाले, “येल नं. वाजवल.” आत्याने ते सगळ्या पाहुण्यांना कळवून टाकलंय.

तक्रारीचं नाव काढलं की बाबा भडकतात. पोलीस दारात आले तर सगळंच उघडं पडेल. ते आता बाहेर जात नाहीत, अंगणातही बसत नाहीत. मी कापूरबावडीला कामावर जाताना गटाराच्या मागच्या वाटेने जाते. एक खोटं निभवायला रोज नवीन खोटं लागतं आणि मला आता सुचत नाही. तुझा रागही येतो. तू भांडलास आणि निघून गेलास. मी न भांडता इथे राहिले, आणि घरातली कडी आतून लावून बसायची पाळी माझ्यावर आली.

परवा जेवताना बाबा मला म्हणाले, “त्या दिवशी पोर बारीक वाटला नं गो?”

मी त्या दिवशी तिथेच होते, दादा. कोण आलं होतं ते मी बघितलंय. सांगून सांगून त्यांना ते खरंच वाटायला लागलंय, का नुसतं तुझ्याविषयी बोलायचं होतं, मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. मी म्हटलं, “हो बाबा, जरा बारीक झालाय.” ते म्हणाले, “पानी बाधला असंल तिकडचा.” आणि पानातला उरलेला भात संपवला. मी मोरीत जाऊन रडले.

कीबोर्डचं मी बोलत नाही, तो गेला. हळदीला वाजवायचं नसेल तर आत्याला मी बघून घेईन. पण त्याआधी एकदा ये. वहिनीला घेऊन ये. दिवसाउजेडी ये, आणि गेटवरून ये, काका बसलेले असताना. बाबा काही विचारणार नाहीत, तूही काही काढू नकोस. हात धुऊन जेवायला बस. वाटेत काका विचारतील, “परत आलास का रं?”

हो म्हण.

तू येऊन गेलास असं सगळ्यांना सांगून बसलेली,
तुझी बहीण
मनाली