विनंती क्रमांक एकेचाळीस

२ मार्च
उद्या विमान. तीन आठवडे परदेशात सेवा! चर्चच्या मंडळीतून चौघेच निवडले गेलो : पाळकसाहेब, त्यांच्या मिसेस, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि मी. ते तिघे हुद्द्यामुळे, मी लायकीमुळे. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं तक्रारीच्या खिडकीवर बसलो. तक्रार आली की नोंदवायची, क्रमांक द्यायचा आणि नम्रपणे सांगायचं, आपली नोंद झाली आहे. एकाही माणसाला क्रमांकाशिवाय परत पाठवलं नाही.
संकल्प : पहाटे चारला उठणं. गोड बंद. कोणाबद्दल वाईट बोलणं बंद, मेहुण्याबद्दलसुद्धा. मी नसताना उपासनेत माझं सोलो गीत तो गाणार आहे. गाऊ दे. आवाज फाटक्या बांबूसारखा आहे, पण गाऊ दे.
ही म्हणाली, तुमच्या फोनवर परदेशाचा पॅक टाकलाय, जगात कुठेही लावा, दोनशे मिनिटं आहेत. पोचलात की आठवणीने फोन करा. ही शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते.

४ मार्च
पोचलो. मेहुण्याला फोन केला, गीत कोणत्या पट्टीत घेतोय ते विचारलं. अकरा मिनिटं. हिला करायचा राहिला.
हॉस्पिटल दुमजली. लांबच लांब वॉर्ड, बावीस खाटा, भिंतींना छातीपर्यंत हिरवा ऑइलपेंट. मोठ्या सिस्टर किडकिडीत आहेत, इंग्रजी बोलतात, हसत नाहीत. मला लोखंडी खाटा घासून रंगवायचं काम दिलं. आनंदाने स्वीकारलं.

५ मार्च
कंबर धरली. दीड खाट झाली होती.

६ मार्च
पाळकसाहेबांनी मला प्रार्थनाविभागात घेतलं. कोणाला कुठे नेमायचं ते देवाला बरोबर कळतं. पद्धत अशी : प्रत्येक पेशंटची विनंती चिठ्ठीवर, चिठ्ठी कुलपाच्या लाकडी पेटीत. पेटी कोणी उघडायची नाही. शेवटच्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या अंगणात जाळायच्या, म्हणजे विनंत्या धुरासोबत देवाकडे. भिंतीवर तक्ता, त्यात दोन रकाने : विनंती, उत्तर.
मी त्यात माझ्याकडून रजिस्टर आणि क्रमांक घातले. पेशंटला त्याचा क्रमांक मिळालाच पाहिजे. सिस्टरना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. भारावल्या असाव्यात.

८ मार्च, दुपार
एकूण विनंत्या सव्वीस. डॉक्टरीणबाईंनी आज एकोणीस दात काढले. जेवायलाही उठल्या नाहीत, एप्रनभर रक्त. बिचाऱ्या शरीराच्या पातळीवरच अडकल्यात. त्यांच्यासाठी प्रार्थना केली.
पुडिंग दोनदा घेतलं. स्वयंपाकिणीचं मन मोडवेना.
पहाटे चारला जाग आली होती. उठलो नाही, पण आली होती.

१० मार्च
मोठा दिवस!
सात नंबरच्या खाटेवर, खिडकीजवळ एक आजोबा आहेत. जन्मभर गवंडीकाम केलं, सिमेंटने फुप्फुसं गेली. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन आठवडे. एकुलती एक मुलगी. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून चार वर्षांपूर्वी आजोबांनी तिला दारातून परत पाठवलं. ती आता तिसऱ्याच देशात असते. तिच्या नंबरची चिठ्ठी आजोबांनी चार वर्षं चष्म्याच्या घरात जपून ठेवली होती, कोणाला दाखवली नाही. आज ती त्यांनी माझ्या हातात दिली. माझ्या! सिस्टरच्या नाही.
सिस्टरनी मला दोनदा समजावलं. वॉर्डचा फोन देशाबाहेर लागत नाही, तुमचा लागतो. हा तिचा नंबर. आजच लावा, म्हणावं, बाप बोलावतोय, ये. मी म्हणालो, नक्की.
फोटो काढला. आजोबा खाटेवर, चिठ्ठी छातीशी धरलेली, शेजारी मी. मग रजिस्टरमध्ये क्रमांक एकेचाळीस, लाल शाईने दोनदा अधोरेखित. सात मिनिटं मोठ्याने प्रार्थना केली, शेवटी घसा बसला. चिठ्ठी पेटीत टाकली. पाळकसाहेबांचा नियमच आहे, प्रत्येक गरज आधी देवापुढे.
आजोबांनी माझा हात धरून ठेवला होता. सुटता सुटेना.

१२ मार्च
आजोबांनी सिस्टरमार्फत विचारलं. मी म्हणालो, काम चालू आहे. खोटं नव्हतं, एकेचाळीसवर दिवसातून दोनदा प्रार्थना चालू आहे. बाकीच्यांना एकदाच.
मेहुण्याला फोन, चोवीस मिनिटं. म्हणतो, गीत झाल्यावर लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. लोकांना क्षमा केली.

१४ मार्च
आजोबांनी दाढी करून घेतली! इस्त्रीचा शर्ट मागितला आणि सकाळपासून दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले. धाप लागते, पण आडवे व्हायला तयार नाहीत. चारच दिवसांत केवढा पालट! फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, एक आत्मा जागा झाला. बासष्ट हार्ट आले. मेहुण्याने नुसता अंगठा दाखवला.

१६ मार्च
सिस्टरनी जिन्यात गाठून सरळ विचारलं, फोन केलात ना? मी म्हणालो, काळजी करू नका, सगळं पोचलंय. विचारणाऱ्याशी नेहमी आश्वासक बोलावं, हा खात्यातला अनुभव.
सिस्टर पहिल्यांदा हसल्या. धावत जाऊन आजोबांना सांगितलं. आजोबांनी आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ठेवायला लावली आणि रुमालाने स्वतः पुसली.
एक आगाऊ विचार मनात आला : फोन करायला किती वेळ लागेल? लगेच हाकलला. मग एवढ्या प्रार्थनेला अर्थ काय राहिला? आपणच हातपाय हलवले तर देवाला वाटेल, याला माझी गरजच नाही.

१८ मार्च
सकाळी चहाच्या वेळी आजोबा गेले. खुर्चीतच. दुसरी खुर्ची रिकामी होती.
मी तेव्हा आरशासमोर साक्षीची तयारी करत होतो. परतल्यावर रविवारी मंडळीपुढे वीस मिनिटं बोलायचं आहे. आता शेवट बदलावा लागेल. तक्त्यावर एकेचाळीसपुढे उत्तराच्या रकान्यात लिहिलं, शांती.
दुपारी पाहिलं तर कोणीतरी ते पुसलं होतं. अक्षर न आवडल्यामुळे असेल.

२१ मार्च, सकाळी ११.३०
समारोप. अंगणात सगळ्या चिठ्ठ्या जाळल्या. एकूण अठ्ठ्याण्णव. धूर सरळ वर गेला. डोळे भरून आले, थोडे धुरानेही.

२१ मार्च, दुपार
सिस्टर आल्या. हातात आजोबांचं चष्म्याचं घर. म्हणाल्या, मुलगी अजून आली नाही. तिकडून निघाली का? काय म्हणाली फोनवर? शवागारात आणखी दोनच दिवस ठेवता येईल, तिचा नंबर परत द्या.
मी रजिस्टर उघडून दाखवलं. रोज दोन वेळा, प्रत्येक वेळेपुढे माझी सही. सिस्टरनी रजिस्टर पाहिलं, मला पाहिलं, मग अंगणातल्या राखेकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
पाळकसाहेब बूट बघत राहिले. डॉक्टरीणबाईंनी माझा फोन मागितला. मागितला म्हणजे घेतला. दहा तारखेचा फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला. आजोबांच्या छातीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. एकेक आकडा स्वच्छ वाचता येत होता. अकरा दिवस माझ्या खिशात होता.
लावला. दुसऱ्याच रिंगला तिने उचलला. पहिलाच शब्द : बाबा? अनोळखी नंबर दिसल्यावर तिला वाटलं, बाबाच.
डॉक्टरीणबाईंनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, तुम्हीच सांगा, खात्यातले आहात.
ती पलीकडून हॅलो हॅलो करत होती. शेवटी तोंडातून बाहेर पडलं ते एकतीस वर्षांचं वाक्य. आपली नोंद झाली आहे.
डॉक्टरीणबाईंनी फोन काढून घेतला.

२४ मार्च
घरी. परतीच्या प्रवासात माझ्या शेजारची सीट रिकामी होती. पाय लांब करता आले.
पॅकची बावन्न मिनिटं उरलीत. हिने नुसता आकडा बघितला.

२८ मार्च, रविवार
साक्षीला वेळ उरला नाही, असं पाळकसाहेब ऐनवेळी म्हणाले. गीत मेहुण्यानेच म्हटलं. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं.

३० मार्च, सकाळी ९.४०
त्या मुलीचा फोन येतो. माझाच नंबर आहे ना तिच्याकडे. दफनाला पोचली म्हणे, असं डॉक्टरीणबाईंनी हिला सांगितलं. मला नाही. आता तिला म्हणे एवढंच हवंय, बाबा शेवटच्या दिवसांत काय बोलत होते, कसे दिसत होते. मी काय सांगू? दाढी केली होती, शर्ट घातला होता, खुर्ची पुसली होती. हे कोणत्या तोंडाने सांगायचं?
नव्या रजिस्टरमध्ये तिला क्रमांक एक दिला आहे. रोज दोन वेळा.
आत्ता पुन्हा वाजला. ही बाहेरून म्हणाली, उचला. मी म्हणालो, प्रार्थनेत आहे, आणि दाराला आतून कडी घातली. बराच वेळ वाजला. मग हिने उचलला. हिचं इंग्रजी स्वच्छ आहे, दारातूनही एकेक शब्द कळला. म्हणाली, नाही गं बाळ, बाहेर कुठे गेलेले नाहीत. घरातच आहेत.