उजव्या कोपराला लावलेलं मलम

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढं वाकून). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? ‘लेकीला समजावून घरी पाठव, जंतू मोजण्यात कसलं आलंय आयुष्य’ हे तुझं पत्र पोचलं. समजवायलाच मी तिच्या प्रयोगशाळेत गेलो आणि परत आलो तो तिचा सातवा रुग्ण होऊन.

माझ्या दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला दहा वर्षं खाज आहे, हे तू जाणतेसच. तुझी लेक म्हणाली, कातडीवर जंतूंची अख्खी वस्ती नांदते. बरेचसे सभ्य, थोडे दांडगट. खाजेच्या जागी दांडगटांचं फावतं. मलम लावलं की त्यांच्याबरोबर सभ्य मंडळीही उठून जातात की उलट परत येतात, हे तिला पाहायचं आहे. म्हणून डाव्या कोपराला औषधाचं मलम, उजव्याला बिनऔषधाचं, सहा आठवडे. दर सोमवारी ती कापसाच्या काडीनं दोन्ही कोपरं पुसून घ्यायची आणि ते जंतू काचेच्या बशीत वाढवायची. पहिल्या बशीत नुसते पिवळे ठिपके, म्हणजे दांडगट, दाटीवाटीनं. एवढी वर्दळ माझ्या दुकानात कधी झाली नाही.

चौथ्या आठवड्यात डावं कोपर नितळ, उजवं लालच. ताई, चाळीस वर्षं शिंपीकाम केलं; डावी-उजवी बाजू जुळल्याशिवाय मी कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. मला राहवेना. डाव्याचं मलम आठवडाभर गुपचूप उजव्यालाही चोळलं. (तुझ्या भावजयीनं पाहिलं, पण तीही म्हणाली, आता कसं सारखं दिसतंय.)

बुधवारी तुझ्या लेकीनं उजव्या हाताची बशी उजेडात धरली. पिवळे ठिपके निम्म्यावर आलेले, मध्ये बारीक पांढरे, सभ्य, उगवलेले. “मामा, उजव्याला कधीपासून लावतोयस?” एवढंच विचारलं, आवाजही न चढवता. कातडीनं माझी चहाडी केली आणि तिनं ती वाचली.

बारा जणांत मी एक. मला वगळलं आणि महिनाअखेरपर्यंत दुसरा कोणी मिळाला नाही तर तिचं वर्ष फुकट जाणार. मीच म्हटलं, कोणाला कळतंय, तसंच लिही. तिनं वहीत लिहिलं, ‘क्रमांक सात बाद. नीट समजावून सांगितलं नाही, ही चूक माझी.’ खाली सही केली, वरच्या बाईंना दाखवून आली आणि मग मला चहा पाजला. ताई, आजवर किती उसवलेल्या शिवणी मी इस्त्रीखाली दडवल्या. त्या सहीपुढे माझी मान खाली गेली. फार अभिमान वाटला गं. हिला मी काय समजावणार?

तुझा,
धाकटा

ता. क. हाच विषय का घेतलास, असं तिला विचारलं. म्हणाली, आई उन्हाळ्यातही लांब बाह्या घालते आणि कोणी देईल ते मलम कोपराला चोळते, हे लहानपणापासून बघतेय.

ता. क. २. सातवी जागा रिकामी आहे. लेकीला परत आणायला जाते, असं भाऊजींना सांग आणि निघ. कपडे फार आणू नकोस. आखूड बाह्यांचे चार ब्लाउज बेतायला घेतलेत.