मॉनिटरच्या पाठीमागून

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, भावोजींचा खोकला थांबला का आणि तुमच्या दोघांतला अबोला संपला का, हे तिन्ही कळव. (तिसरं आधी.) आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे सकाळपासून मी पाच मिनिटं एका जागी टेकलेलो नाही. एवढ्या चार ओळी लिहितानासुद्धा दोनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो. खिडकीत काही नव्हतं.

कारण सांगतो, पण घरात कुणाला माहीत नाही, तेव्हा पोटात ठेव. माझ्या उजव्या डोळ्यापुढे वर्षभर धुकं आहे, आणि डावाही आता त्याच वाटेला लागला आहे. ओळ सुरू होताना दिसते, संपताना दिसते, मधला मजकूर मी अंदाजाने वाचतो. वक्त्याचं असं चाललं असतं, पण एकतीस वर्षं प्रुफं तपासून जगलेल्या माणसाचं कसं चालेल? मागच्या महिन्यात बागकामाच्या पुस्तकात ‘बी एक इंच खोल पेरावे’ याच्या जागी ‘एक फूट’ छापलं गेलं. लोकांनी खड्डे खणले. संपादकांनी मला बोलावलं, चहा दिला आणि फार मायेने विचारलं की आता थोडी विश्रांती घ्यावीशी वाटते का. रागावले असते तर मी घरी येऊन जेवलो असतो. त्या मायेनेच माझी झोप उडाली. आता हातात परिचारिकांसाठीचं पुस्तक आहे, सोमवारी द्यायचं आहे, आणि त्यात पानोपानी औषधांची मापं आहेत. तिथे इंचाचा फूट झाला तर माझं काम गेलं ही त्यातल्या त्यात लहान बातमी ठरेल.

तेव्हा मी विचार केला, डोळा मोठा करता येत नाही तर अक्षर मोठं करावं. लॅपटॉपला जोडायला एक भलामोठा मॉनिटर आणला. हिला सांगितलं, कार्यालयाने पाठवलाय. (ही ‘हो का’ एवढंच म्हणाली. तिचं ‘हो का’ तुला ठाऊक आहे.) तो मावेल असं टेबल घरात एकच, हिचं कापड बेतायचं. तिने त्यावर खडूने रेघ ओढून अर्धं मला दिलं. माझं कोपर रेघेपलीकडे गेलं की ती नुसती कात्री वाजवते.

मग जोडणी. खोक्यात माहितीपत्रक होतं. प्रुफं हल्ली लॅपटॉपवरच येतात, तरी लाल पेन काही खिशातून सुटलेलं नाही, आणि छापील कागद पुढे आला की हात आपोआप तिकडे जातो. भिंग घेऊन दीड तासात चाळीस चुका काढल्या, दोन परिच्छेदांची अदलाबदल केली, भाषा जरा माणसात आणली. वाचून समाधान वाटलं. मग लक्षात आलं की वायर कुठे लावायची हे आपल्याला अजून कळलेलंच नाही. ज्या वाक्यात ते लिहिलं होतं ते मी ‘अनावश्यक’ असा शेरा मारून खोडलं होतं, आणि एकतीस वर्षांच्या सरावाने इतकं नीट खोडलं होतं की खालचं एक अक्षर दिसत नव्हतं.

मॉनिटरच्या पाठीला दोन खाचा. वायर एकीत घातली, काळोख. दुसरीत घातली, काळोख. शेवटी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, काका, दोन्हीकडे एकच चित्र दिसेल असं निवडा आणि मॉनिटरच्या खालचं बटण दाबत राहा. किती वेळ ते बोलला नाही. मी दाबत राहिलो. तेवढ्यात समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आणि त्यांची बहीण हिने शिवलेले कोट घालून बघायला आल्या. हिने मॉनिटर सरळ उचलून त्यांच्याकडे तोंड करून ठेवला. बंदच आहे ना, मग आरसा तरी होईल, म्हणाली. काळ्या काचेत माणूस जरा बारीक दिसतो म्हणे, गिऱ्हाईक खूश होतं. आता माझ्यासमोर त्याची पाठ आहे. तरी मी वरून हात घालून चाचपत बटण दाबलं. लॅपटॉपने एकदा डोळे मिटून उघडल्यासारखं केलं, बाकी काही नाही. तेव्हा नाद सोडला आणि लॅपटॉपवरच तुला पत्र लिहायला घेतलं, अक्षर इतकं मोठं करून की ओळीत चारच शब्द मावतात.

एक नवल मात्र आहे. या दोघी बहिणी आल्या की एरवी शिलाईयंत्राचा आवाज ऐकू येत नाही. आज दोघी गप्प आहेत, आणि हीसुद्धा गप्प आहे. (तोंडात टाचण्या धरल्या असतील.) घरात रोज इतकी शांतता असती तर माझ्या हातून एक चूक सुटली नसती.

असो. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र खरं एवढ्यासाठी लिहिलं. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दुखलं का? डॉक्टर काय सांगतात ते नको, तू सांग. मला भीती वाटते, ताई. सुईची वाटते, पण त्याहून जास्त याची वाटते की मी पट्टी बांधून पडलेलो असताना माझ्या जागी कुणी बसेल आणि तो बरा निघेल.

ता. क. २. हिला कळू देऊ नकोस. मनाला लावून घेईल.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार. हे पाणी प्यायला आत गेलेत, तेवढ्यात मी लिहिते आहे. मॉनिटर लागलाय. छान लागलाय, बोटाएवढी अक्षरं दिसतात. पत्र आम्ही तिघींनी पहिल्या ओळीपासून वाचलं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यात सहा चुका दाखवल्या, मी म्हटलं असू देत. दुपारी यांचा डोळा लागला की यांनी तपासलेली पानं मी याच लॅपटॉपवर पुन्हा तपासते, त्याला आता वर्ष होईल. बागकामाचं पुस्तक गेलं तेव्हा मी चार दिवस माहेरी होते. हे यांना सांगू नका, मनाला लावून घेतील. डोळ्यांच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली आहे. तुम्ही सोमवारीच या. यांचा हात धरून बसायला कुणीतरी हवं, आणि यांच्या जागेवर तर मला बसावं लागणार.