तीन नंबरची दोन इंजिनं

रविवार, घाटावर आरती चालू आहे

ह्यांनी घरात मांडलेल्या छोट्या मॉडेल रेल्वेवर आज मी घेतलेलं नवं इंजिन ठेवलं. कंट्रोलरवर तीन नंबर दाबला, तर नव्याबरोबर ह्यांचं जुनंही धावलं. भावजी म्हणाले, "वहिनी, सिस्टम बिघडली आहे. दादा गेला, आता कोण सांभाळणार? रामनगरचा एक जण ही सगळी रेल्वे विकत न्यायला तयार आहे."

पण तो तीन माझ्या डोक्यातून जाईना. बिघडलं असतं, तर दोन्ही इतकी शिस्तीत धावली असती का?

मग उमगलं. इंजिनातला डिकोडर, म्हणजे कंट्रोलरचा हुकूम ओळखणारी चिप, कारखान्यातून तीन हाच पत्ता घेऊन येतो. ह्यांचं एकच इंजिन, त्यांनी तो कधी बदललाच नाही.

नव्याला चार द्यायचा. पण दोन्ही रुळावर ठेवून बदलला, तर दोन्ही चार होणार. म्हणून ह्यांचं उचलून मांडीवर घेतलं, नव्याचा पत्ता बदलला, ह्यांचं परत ठेवलं. तीन दाबला, ह्यांचं निघालं. चार दाबला, माझं.

भावजींना सांगितलं, रामनगरला नाही म्हणून कळवा. तीन ह्यांचा, चार माझा. पाच नंबर अजून मोकळा आहे.