कामाविना किती महिने

पासली, बुधवार
फाल्गुन शुद्ध अष्टमी, सन १९३८

चिरंजीव कुंडलिक मास्तर यास आजी भागूबाईचा आशीर्वाद. इकडं समदी बरी हायत. शेजारच्या बयामामीच्या गाईला कालवड झाली. होळीला आठ दिवस हायत, तरी लाकडं पळवायला पोरं आत्तापासून परसात घिरट्या घालतायत. तुझ्या आईला, रतनला, इचारलं म्हणून सांग. ती काय बोलायची न्हाई, पण तू सांग.

हे पत्र माझ्या हातचं हाय. तुझ्या आज्यानं पाटीवर गिरवून घेतलं, तेवढीच माझी शाळा. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर उद्या गावभर झालं असतं. शिसपेनीचं हाय, खोडलं की कागद फाटतो, म्हणून चुकलं तरी तसंच ठेवणार. अक्षराला हसू नको.

शनवारी तू भोर दरबारची बेकारांची गणती घेऊन आलास आन म्या तुला पाण्याबिगर लावून दिलं. दीड वर्षानं नातू दारात येतो, तो आजीला भेटायला न्हाई, चिठ्ठ्या भरायला. राग यायचाच.

पयलं तू माझं वय इचारलंस. म्या म्हणाले, शहाण्णवच्या दुष्काळात तुझी आई माझ्या कडेवर व्हती, कर हिशोब. तू म्हणालास, "आजे, पंचावन्नच्या वरचं माणूस बेकारात धरायचं न्हाई." मंग म्या काय जात्याचा खुंटा?

मंग बयामामीकडं वळलास. भाटघरच्या धरणावर तिनं सात वर्षं पाट्या वाहिल्या. नवरा गेला, त्याचं तेरावं उरकून दुसऱ्या दिवशी ती कामावर व्हती. धरण सरलं, काम सरलं, त्याला दहा वर्षं झाली. तू लिवलंस 'घरकाम'. वर म्हणालास, "मामी, बायांचा रकाना हाय, पण त्यात घरकामच लिहा असा हुकूम हाय." दगड उचलायचा व्हता तवा ती गडी व्हती, मोजायला आलात तवा बाई झाली व्हय रे?

पण माझ्या रागाचं कारण ते न्हाई. तू शेवटी माझ्या दुसऱ्या नातवाचं इचारलंस, "रायबा कुठं?"

ओसरीवर सारोळ्याचे मानसिंगराव बसले व्हते, हे तू बघितलंस. त्यांची पोर आपल्या रायबाला ठरलीय. सुपारी फुटलीय, ती मुंबईच्या गिरणीतला जावई म्हणून. म्या म्हणाले, "आमच्या घरात कुत्र्यालाबी काम हाय. रायबा गिरणीत." मानसिंगराव हसले. तू लिवलंस आन गेलास.

रायबा गिरणीत न्हाई, कुंडलिक. तवा तो वर पठारावर बकऱ्यांमागं व्हता. सोयरे यायचे म्हटलं की म्याच त्याला वर धाडते. पासलीला ठाऊक हाय, सारोळ्याला न्हाई.

परवा शेजारचा गेनबा भोराहून आला. दारातूनच ओरडला, "भागूकाकी, घाटाच्या रस्त्याला माणसं घेणार हायत, ती ह्याच चिठ्ठ्यांतनं! तुमच्या रायबाचं नाव दिलंय न्हवं?" म्या सुपातलं धान्य पाखडत ऱ्हायले.

चिठ्ठ्या येत्या सोमवारपर्यंत तुझ्याजवळ हायत, मंग कचेरीत जाणार, असं तूच म्हणाला व्हतास. म्हणून लिहिते. रायबाची चिठ्ठी बदल. वय वीस, अठरा सालच्या मानमोडीच्या साथीतला जन्म. गाव पासली. कामाविना चार महिने.

यादी चावडीवर मोठ्यानं वाचणार म्हणे. म्हणजे सारोळ्याला कळंल. कळू दे. मानसिंगरावांना म्याच जाऊन सांगते. सोयरीक मोडली तर मोडली. हा दिवसभर दोर वळत बसतो, वळून झाला की उसकटतो आन परत वळायला घेतो. आठवडाभर एकच दोर. ते मला बघवत न्हाई.

वर चार महिने लिवलंय ते खोटं हाय. चार महिने झाले तो गावाला येऊन. त्याच्या आधी वर्षभर रोज सकाळी गिरणीच्या फाटकापुढं उभा ऱ्हायचा. आत एक दिवस घेतला न्हाई. आपल्या गावच्या खोलीवाल्यांनी जेवू घातलं. गेनबा म्हणतो, ज्याचे महिने जास्त त्याला आधी घेणार, चार महिनेवाल्याची पाळी पावसाळ्यानंतर. तर सोळा लिही. सोळा हे खरं हाय.

आता तुझा तो शेवटचा रकाना. काम कशानं सुटलं? आपणहून सोडलं असंल तर नाव बाद, हे तू शेजारच्या सोनबाला सांगताना म्या ऐकलंय. गिरणीच्या वहीत रायबानं आपणहून सोडलं असंच लिवलेलं असणार. सुट्टी आठ दिवसांची घेतली आन हितं तेवीस दिवस ऱ्हायला.

'घरी आजार' असं लिही, म्हणणार व्हते. पण तुला ते सांगायला तोंड न्हाई. तुझी आई त्या दिवाळीला हितंच व्हती. तिनं मला कणगीमागं लाडू खाताना धरलं.

तार म्याच करवली व्हती. आजी बेशुद्ध, ताबडतोब ये. पोर मोसंबी घेऊन कापूरहोळपासनं चालत आलं. म्या तेवीस दिवस गोधडीत कण्हत पडले आन तो उशाशी बसला. रतन म्हणाली, "आये, तू सांग त्याला, न्हाईतर मी सांगते." म्या म्हणाले, "सांगितलंस तर ह्या घरात पाय ठेवू नको." तिनं सांगितलं न्हाई. पायबी ठेवला न्हाई. तूबी यायचा थांबलास.

तवा रतनला म्या कारण दिलं, भात कापायला गडी न्हाई. तेबी खोटं. गडी व्हते, भात दोन दिवसांत निघालं. दोन वर्षं रायबाचं तोंड बघितलं नव्हतं. एवढंच व्हतं.

तवा रकान्यात लिही, आजीनं खोटी तार करून बोलावून घेतला, पोराची चूक न्हाई. रकान्यात मावलं न्हाई तर मागं लिही. चावडीवर वाचलं तरी चालंल.

रायबाला ह्यातलं काय ठाऊक न्हाई. अजून उंबरा ओलांडताना तो मला हात देतो. आत्ता बकऱ्या घेऊन उतरतोय, त्याची हाळी ऐकू येतीय. टपाल वाटेत रेंगाळलं तर सोमवार हुकंल, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देऊन उद्या भोराला धाडते. पाकिटात घालत न्हाई. घडीबी घालत न्हाई. त्याला वाचता येतं.

वाचूनबी त्यानं हे तुझ्यापर्यंत आणलं, तर त्याला आधी जेवू घाल. मंग चिठ्ठी काढ.

तुमा दोघांची आजी,
भागूबाई