दार बसल्याचा आवाज

मंगफ, शनिवार संध्याकाळ

इथे आखातात, माझ्या ऑफिसातल्या पावलोने एक जुनी इटालियन गाडी घेतलीय. आज इथल्या राई भागातल्या एका गॅरेजात ती बघायला गेलो. दार लावलं आणि तोच आवाज! मुंबईत ही गाडी बनायची, तेव्हा बाबा कारखान्यात तिची दारं बसवायचे.

पावलोचे वडीलही तसेच. दुसऱ्या महायुद्धानंतर शेती सोडून इटलीतल्या तोरिनोच्या गाड्यांच्या कारखान्यात लागले. पुढे तिथलीच गाडी हप्त्यांवर घेतली, घरच्यांना समुद्रावर नेलं. "या गाड्यांनीच आमचा देश वर आणला," पावलो म्हणाला.

बाबांनी जन्मभर दारं बसवली, पण स्वतःची गाडी काही झाली नाही. राग येतो का? थोडा येतोच. पण खंडेनवमीच्या पूजेला कामगारांच्या घरच्यांना कारखान्यात येऊ द्यायचे. बाबा मला नव्या गाडीत बसवून दार लावायचे. "ऐक, कसं बसलंय!" मग स्टिअरिंग धरून विचारायचे, "बोला, कुठं जायचं?" मी दरवर्षी ओरडायचो, "अलिबाग!" गाडी जागची हलायची नाही.

"तुझे बाबा कुठे न्यायचे?" पावलोने विचारलं.

"समुद्रावरच," मी म्हटलं आणि दार पुन्हा एकदा लावून पाहिलं.

खोटं बोललो का? काय माहीत. आवाज तर खराच होता.